शाळेसाठी पालकांनी बोलावे, पण कोणाच्या जोरावर?

बालाघाटकर (धागाकर्ता)

जिल्हा परिषदेच्या शाळा शासनाने नव्हे, तर भित्र्या पालकांनी मारल्या, असा निष्कर्ष काढणारे एक लेखन काल वाचले आणि मन अस्वस्थ झाले. त्या लेखकाचे म्हणणे असे की, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती पालकांच्या हाती दिली, तरी गावकरी तोंड उघडत नाहीत आणि ऐपत आली की मुलांना इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवून मोकळे होतात.

समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि अध्यक्षही पालकच असतो, हे कायद्याच्या पुस्तकात खरे आहे. प्रत्यक्षात सचिव मुख्याध्यापक असतात आणि इतिवृत्त तेच लिहितात. सभा सकाळी अकराला, म्हणजे सोयाबीन काढणीच्या दिवसांत मजुरी बुडवून यावे अशा वेळी, ठेवली जाते आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी नंतर रजिस्टर पाठवून सह्या-अंगठे घेतले जातात. आमच्या बीडकडे तर दिवाळीच्या आगेमागे अर्धे पालक कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले असतात. जे मागे राहतात, त्यांचे मूल रोज सहा तास त्याच गुरुजींसमोर बसणार असते. अशा आईबापांना भित्रे म्हणण्याआधी, बोलण्याची किंमत कोणाचे मूल चुकवते ते पाहावे.

दोन मुलींचा बाप

किंमत मी चुकवली आहे, म्हणून लिहितो. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नव्हते आणि पाणीही नव्हते. कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक आहेत, एवढेच मी सभेत शांतपणे सांगितले. त्यानंतर माझ्या थोरलीला वर्गात 'तक्रारवाल्यांची' म्हणून हाक पडू लागली. सभेला आलेले बाकीचे पालक बाहेर माझ्या पाठीवर थाप मारत होते, आत मात्र एकानेही मान वर केली नव्हती. वर्ष संपताच मी दोघींचे दाखले काढले. याला पळपुटेपणा म्हणायचे असेल तर म्हणा. पण माझ्या मुली सार्वजनिक शाळा वाचवण्याचे साधन नाहीत.

आणि पालक लढत नाहीत, हेही खोटे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती आली आणि जुलैत ती दुरुस्ती रद्द झाली.

बालाघाटकर

आपल्या मुलीवर झालेला अन्याय वाचून वाईट वाटले, त्याबद्दल वाद नाही. पण उदाहरण आपल्याच विरोधात जाते. ती लढाई जवळच्या शाळेतून बाहेर पडण्याचा हक्क टिकवण्यासाठी होती. तो हक्क मलाही मान्य आहे. परंतु २०२३ मध्ये २० पर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा ज्या वाड्यांवरची शाळा जाणार होती तिथल्या पालकांकडे ना वकील होता, ना वेळ.

खडू आणि फळा

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे आणि प्रत्येक चर्चेत गुरुजी खलनायक ठरतात याचा मला उबग आला आहे. पाच वर्ग आणि दोन शिक्षक. त्यांतल्या एकाकडे बीएलओचे, म्हणजे मतदार यादीचे काम. कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्यांपुरतीच मोकळीक देते, तरीही सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती आणि फोटो अपलोड करणे संपत नाही. इतक्या वर्षांत एकाही पालकाने 'आमच्या बाईंना वर्गात राहू द्या' असे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लिहून दिलेले नाही. तक्रार येते ती खिचडीत मीठ कमी पडल्याची.

गोदाकाठ

बाई, आधी मुख्यालयाचे, म्हणजे नेमणुकीच्या गावी राहण्याचे बोला. घरभाडे भत्ता गावात राहण्याचा आणि मुक्काम तालुक्याला! एसटी चुकली की शाळा उशिरा उघडते. २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हा विषय काढला, तर शिक्षकांनी औरंगाबादला मोर्चा काढला.

खडू आणि फळा

मोर्चात मीही होते. गावात भाड्याने मिळणारी एक धड खोली दाखवा, उद्याच राहायला येते. घरभाडे भत्ता हा वेतनाचा भाग आहे, आणि तो 'शिक्षक गावात राहतो' अशा ग्रामसभेच्या ठरावाला बांधला की शिक्षक सरपंचाच्या मर्जीचा गुलाम होतो. निवडणुकीत ज्याने विरोधी पॅनलशी दोन शब्द बोलले, त्याला ठराव मिळत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

गोदाकाठ

आपले स्वतःचे मूल कोणत्या शाळेत आहे, तेही सांगून टाका.

खडू आणि फळा

तालुक्याच्या इंग्रजी शाळेत आहे. पती तिथे नोकरीला आहेत. माझ्या मुलावरून माझ्या अध्यापनाची परीक्षा घेण्याचा अधिकार मी कोणालाही देत नाही.

दोन मुलींचा बाप

मग दाखला काढला म्हणून मला पळपुटा ठरवण्याचाही कोणाला अधिकार राहत नाही.

सिन्नरची आई

मुख्यालयाच्या भांडणात मुले कुठे गेली? आमच्या वस्तीवरच्या शाळेत एकच शिक्षक उरला होता, जरी कायद्यानुसार ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक हवेत. एकटीने बोलायचे नाही, हे आम्ही बचत गटाच्या बैठकीत ठरवले. गुरुजींविरुद्ध एक शब्दही न लिहिता शिक्षकाच्या मागणीचा अर्ज केला. त्यावर सगळ्यांच्या सह्या गोलाकार घेतल्या, म्हणजे पहिले नाव कोणाचे हे कळू नये. गुरुजींनीच पटाचे आकडे काढून दिले. ग्रामसभेचा ठराव जोडला आणि अर्जात कलम ३२ लिहिले, कारण त्याखालच्या लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. आवक क्रमांक घेतल्याशिवाय पंचायत समितीतून हललो नाही. शिक्षक मिळाला, तोही प्रतिनियुक्तीवर, आणि पुढच्या जूनमध्ये काढून घेतला. पुन्हा अर्ज केला आहे. मात्र आमच्यातल्या कोणाच्याही मुलाला वर्गात टोमणा ऐकावा लागला नाही.

दोन मुलींचा बाप

माझ्या वेळी पाठीवर थाप मारणाऱ्यांनी अशी सही केली असती, तर कदाचित दाखले काढले नसते. तरीही ज्यांच्याविरुद्धच तक्रार आहे तेच आकडे काढून देतील, ही अपेक्षा प्रत्येक गावात धरता येणार नाही.

खडू आणि फळा

आकडे मी देईन. सभा संध्याकाळी सातला ठेवायला माझी हरकत नाही. फक्त परतीची सोय गावाने करावी, कारण शेवटची एसटी सहाला जाते.

बालाघाटकर

हे मान्य. ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी मात्र सातची वेळही उपयोगाची नाही. त्यांचा ठराव दसऱ्याच्या आत व्हायला हवा आणि शाळा विकास आराखडाही त्याच सभेत वाचला जावा, कारण अनुदानाची मागणी त्या आराखड्यावर उभी राहते आणि आज तो मुख्याध्यापकांच्या कपाटाबाहेर येत नाही.

गोदाकाठ

सभा घ्या, सहीही करतो. पण शाळा किती वाजता उघडते याची नोंद इतिवृत्तात दर महिन्याला झाली पाहिजे. मुख्यालयाचा मुद्दा मी सोडलेला नाही.