मदत हवी आहे: उन्हाळ्यात जावा मॉस आतून तपकिरी पडतंय (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मी इंदिरानगरला राहते. हॉलमध्ये माशांची दोन फुटी टाकी आहे, त्यात गप्पी मासे आणि थोडे चेरी श्रिम्प (छोट्या लाल कोळंब्या). टाकीतल्या लाकडाला जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळ) बांधलंय. थंडीत ते इतकं फोफावलं की लाकूड दिसेनासं झालं. गप्पीची पिल्लं त्यातच लपून वाचली, त्यामुळे या मॉसवर माझा फार जीव आहे.

एप्रिल लागला आणि बिघडलं. टोकं हिरवीगार आहेत, पण गुच्छ बोटांनी फाकवला की आत सगळं तपकिरी, आणि जरा दाबलं की गाळाचा लोट उठतो. पश्चिमेच्या खिडकीकडच्या बाजूला केसांसारखं लांब शैवाल (अल्गी) गुंतलंय. ते ओढलं की मॉसही तुटून हातात येतं.

दुपारी पाणी ३२ अंशांवर जातं. पाणी नळाचंच, रात्रभर बादलीत ठेवून मग घालते. दुकानदार शैवालनाशक टाका म्हणतोय, पण श्रिम्पमुळे धीर होत नाही. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) परवडणार नाही. काय करू? आणि पावसाळ्यात त्र्यंबक-अंजनेरीकडे दगडांवर जे शेवाळ येतं, ते टाकीत चालेल का?

प्रतिसाद १

ताई, औषध अजिबात टाकू नका. अशा बऱ्याच औषधांत तांबं असतं आणि श्रिम्पना ते थोडंसुद्धा सोसत नाही. टाकीतल्या वनस्पतींसाठी 'लिक्विड कार्बन' म्हणून जे द्रव मिळतं त्यानेही मॉस होरपळू शकतं.

जावा मॉस (टॅक्सिफायलम बार्बिएरी) आग्नेय आशियातलं, ओल्या दगडांवर आणि लाकडांवर वाढणारं. उष्ण प्रदेशातलं असलं तरी त्याला सावली आणि गारवा लागतो. २१ ते २४ अंशांत ते सगळ्यात खुलतं, तिशीच्या पुढे कुरकुरतं. त्याला खरी मुळं नसतात, अन्न-पाणी पानांतूनच घेतं. म्हणून गुच्छ जाड झाला की आतल्या भागाला ना उजेड मिळतो ना वाहतं पाणी, वर माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं तिथेच अडकतं. तुमचं आतलं तपकिरी त्याचंच आहे.

लाकूड बाहेर काढा आणि टाकीच्याच पाण्याच्या बादलीत खळखळून हलवा. तपकिरी भाग कात्रीने सरळ कापून टाका. हिरव्या टोकांचा पातळ थर पुन्हा बांधा, खालचं लाकूड दिसलं पाहिजे इतका पातळ. एवढ्याशा तुकड्यापासूनही ते नव्याने वाढतं. शैवाल जुन्या टूथब्रशवर गुंडाळून काढा, थोडं मॉस गेलं तर जाऊ द्या.

प्रतिसाद २

टाकी त्या खिडकीपासून हलवा, नाहीतर सगळी मेहनत वाया. हलवणं जमत नसेल तर काचेला मागून जाड कागद लावा. दिवा सहा-सात तासच. झाकण काढून छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा, बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. पातळी रोज भरावी लागेल, आणि गप्पी उड्या मारतात म्हणून वर जाळी हवीच.

मी उन्हाळ्यात थोडं मॉस वेगळं राखून ठेवतो. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ओल्या दगडावर पसरायचं, पाणी फवारायचं आणि डबा माठाखालच्या ओल्या वाळूत सावलीला ठेवायचा. पाण्याबाहेरही ते छान वाढतं. टाकीतलं गेलंच तर बियाणं हाताशी राहतं.

अंजनेरीचं शेवाळ कृपया आणू नका. जमिनीवरची बहुतेक शेवाळं पाण्याखाली कुजतात, आणि त्या डोंगरावरची वनस्पतिसंपदा जिथल्या तिथे राहणं फार गरजेचं आहे.

धागाकर्ती

मनापासून आभार. आजच खिडकीला कागद लावते. बांधायला सुती दोरा घेऊ की नायलॉन?

प्रतिसाद १

नायलॉनच, मासेमारीची बारीक तंगूस मिळाली तर उत्तम. सुती दोरा पाण्यात कुजतो आणि जावा मॉस लाकडाला फार घट्ट धरत नाही, दोरा सुटला की वर तरंगायला लागतं.