चादर कारखान्यावर फिल्म: माहितीपट कुठे संपतो, रिॲलिटी शो कुठे सुरू होतो?

प्रश्न (पूर्वभाग_सोलापूर):
यंत्रमागाच्या एका चादर कारखान्यावर वीस मिनिटांचा माहितीपट करायचाय. कामगाराला "तेच परत करा" म्हटलं तर रिॲलिटी शो होतो का? मजुरीवरून मालकाशी होणारी बोलणी परत करून घेतली तर चालेल? एडिटिंग दोन्हीकडे असतंच, मग फरक कशात धरायचा?

उत्तर (जेकार्ड):
एडिटिंगवर धरूच नका. कॅमेरा नसता तर ते घडलं असतं का, एवढं बघा. बिग बॉसचं घर (मूळ 'बिग ब्रदर', नेदरलँड्स, १९९९) कार्यक्रमासाठीच उभारलेलं. टास्क, नॉमिनेशन, घराबाहेर काढणं, सगळं आखलेलं. भांडण खरं असेलही, पण त्याचं कारण निर्मात्यांनी पुरवलेलं असतं. कारखान्यातली पाळी तुमच्याविना चालतेच. धोट्यातली (आडवा धागा नेणाऱ्या नळीतली) सुताची कांडी बदलणं खुशाल परत करून घ्या, दिवसभर तेच चालतं. मजुरीची बोलणी मात्र अजिबात नको! दुसऱ्या खेपेला दोघंही कॅमेऱ्यासाठी बोलतात, आणि तुम्ही निघून गेल्यावर त्याचा त्रास कामगारालाच. प्रसंग हुकला तर दोघांना वेगवेगळं विचारा आणि ते नंतर सांगितलेलं आहे हे पडद्यावर कळू द्या.

उत्तर (कट_टू):
सहमत, पण माहितीपटवाले जन्मापासून सोवळे नव्हते. दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टीच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' या इन्युइट कुटुंबावरच्या माहितीपटात (१९२२) आतल्या चित्रीकरणाला उजेड मिळावा म्हणून इग्लूची एक बाजू उघडी ठेवली होती. तेवढं मी माफ करेन. त्यातलं कुटुंब मात्र खरं नव्हतं, माणसं निवडून जमवली होती. ते खटकतं.

रिॲलिटीतल्या दोन खोडी टाळा: वेगवेगळ्या वेळी बोललेले तुकडे जोडून नवं वाक्य बनवणं, आणि दुसऱ्याच प्रसंगातला चेहरा प्रतिक्रिया म्हणून लावणं. बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही आणि आवाजाची पट्टी अचानक बदलते, तिथे जोड असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न (पूर्वभाग_सोलापूर):
आणि मागाच्या आवाजात मुलाखत?

उत्तर (कट_टू):
माग बंद असताना, जेवणाच्या सुट्टीत घ्या. माग चालू असताना वाक्य कापलं की मागची खटखट लय सोडते, कट लगेच कानाला लागतो. कॉलर माइक तोंडापासून वीतभर खाली. माग बंद असलेल्या शेडचा नुसता आवाज मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करा, कट सांधायला लागतो. ट्यूबलाइट असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झ. नाहीतर चित्र लुकलुकतं. संमतीपत्र मराठी आणि तेलुगू दोन्हीत करा (सोलापूरचे बरेच यंत्रमाग कामगार तेलुगू बोलतात), आणि मालकासमोर सही घेऊ नका.