बाबांची दिवसाची झोप : गोळीमुळे, रात्रीमुळे की पार्किन्सन्समुळेच? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबा ६९ वर्षांचे आहेत. तीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर होते. आम्ही भांडुपला राहतो. तीन वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. हाताचा कंप गोळ्यांनी बराच आटोक्यात आहे, पण झोपेने आम्ही हैराण झालो आहोत.

मागच्या गुरुवारी चहा पिता पिता त्यांना झोप लागली. पेंग नाही, जांभई नाही. माझ्या मुलीच्या क्लासच्या फीबद्दल बोलत होते, वाक्य अर्ध्यावर राहिलं आणि कप मांडीवर उपडा झाला. चटका बसल्यावर जागे झाले आणि राहिलेलं वाक्य पुरं करू लागले. मध्ये काही घडलं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. फोड आला नाही एवढंच.

चार महिन्यांपूर्वी लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या नेहमीच्या गोळीच्या जोडीला प्रामिपेक्सोल ही दुसरी गोळी सुरू झाली, मध्यंतरी डोसही वाढला. या जातीच्या औषधांनी अशी अचानक झोप येऊ शकते. ती घेणारे काही रुग्ण गाडी चालवताना झोपी गेल्याचं १९९९ मध्येच वैद्यकीय मासिकात छापून आलं होतं. ते वाचलं त्याच रात्री मी बाबांच्या स्कूटरची किल्ली माझ्या कपाटात ठेवली. तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत.

पण सगळं खापर गोळीवर फोडता येत नाही, कारण त्यांची रात्रही सरळ जात नाही. निदानाच्या पाच-सहा वर्षं आधीपासून ते झोपेत ओरडतात, "पुढे सरका, पुढे सरका!" उजवा हात वर जातो आणि मच्छरदाणीची दोरी दोनदा खेचतात. डबल बेल. एकदा स्वप्नात कुणा पॅसेंजरशी जुंपली आणि हात आईच्या मनगटावर बसला, बांगडी फुटून काच रुतली. आईने उशाखाली अडकित्ता ठेवला आणि आम्हाला काही सांगितलं नाही. आम्हाला वाटायचं, नोकरी डोक्यातून जात नाही.

आता कळतंय की याला वैद्यकात नाव आहे, रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर. स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत मेंदू डोळे आणि श्वासाचे स्नायू सोडून बाकी अंग लुळं करून ठेवतो. काहींचा हा बंदोबस्त ढिला पडतो आणि स्वप्नातली हाणामारी खरीखुरी होते. मिनेसोटातल्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. २०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अशा १२८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी दरवर्षी साधारण ६ टक्क्यांना पार्किन्सन्स किंवा त्याच्या जातकुळीतला आजार जडत होता, आणि १२ वर्षांत असे एकूण ७३.५ टक्के झाले. म्हणजे आईची फुटलेली बांगडी ही कंपाच्या कितीतरी आधीची खूण होती. वास जाणं हीही तशीच खूण. बाबांना हापूसचा वास येईना तेव्हा आम्ही त्यांना सर्दीचं औषध दिलं होतं. ही रुखरुख मनातून जात नाही.

शिवाय ते घोरतात. मध्येच श्वास थांबतो आणि मग दचकून मोठा श्वास घेतात, असं आई सांगते.

डॉक्टरांनी एपवर्थ स्केलचा कागद भरून आणायला सांगितलाय. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये केलेली ही प्रश्नावली. आठ प्रसंग, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर. बाबांनी स्वतः भरला तेव्हा ५ आले. आईने त्यांच्याकडे बघून भरला तेव्हा १६. यातला कुठला द्यायचा?

दुसरं, फॅमिली डॉक्टरांनी रात्रीच्या ओरडण्यासाठी क्लोनाझेपाम ही गुंगी आणणारी गोळी सुचवली आहे. घोरणं आणि दिवसाची झोप एवढी असताना ती द्यावी का? आणि डोक्याला तारा लावून रात्रभर करतात ती झोपेची तपासणी मुंबईत कुणी घरच्यांची केली असेल तर अनुभव सांगा. आईला सोबत थांबू देतात का?

प्रतिसाद

ताई, माझ्या मिस्टरांना दहा वर्षं पार्किन्सन्स आहे, म्हणून लिहितेय. चहाचा प्रसंग पुढच्या तारखेपर्यंत ठेवू नका. न्यूरोलॉजिस्टना उद्याच फोन करा आणि जसा इथे लिहिलात तसाच सांगा, अर्ध्या वाक्यासकट. गोळी मात्र मनाने बंद करू नका, एकदम सोडली तर वेगळाच त्रास होतो. डोस तेच उतरवतील.

कागद दोन्ही द्या. ज्याला झोप येते त्याला स्वतःला ती कळत नाही, आमच्याकडेही हेच झालं. बीपी झोपून आणि उभं राहून मोजा, जेवणानंतरही एकदा. आमच्या ह्यांची दुपारची गुंगी जेवणानंतर बीपी उतरल्यामुळे होती.

क्लोनाझेपामने झोपेतला श्वासाचा अडथळा वाढू शकतो आणि दिवसाची गुंगीही. आधी झोपेची तपासणी, मग ती गोळी, असं विचारा. रात्रीचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, डॉक्टरांना फार उपयोग होतो. तपासणीच्या वेळी मला सोबत थांबू दिलं होतं.

आणि तो अडकित्ता आजच काढा. झोपेत हात चालवणाऱ्या माणसाच्या उशाखाली लोखंड नको. आईंची गादी काही दिवस वेगळी घाला. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीचे गट भरतात, तिथे आईंना घेऊन जा. त्यांनाही कुणाशी तरी बोलायला हवं.

धागाकर्ती

काकू, खूप आभार. अडकित्ता काढला. आई आधी नाही म्हणाली, मग तिनेच तो देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला. वेगळ्या गादीला मात्र तयार नाही. "ते उठून पडले तर?" म्हणते. मधे लोड लावला आहे.

न्यूरोलॉजिस्टनी सोमवारी बोलावलंय. तोवर एक विचारते : घरातल्या मोठ्या माणसाची गाडी तुमच्यापैकी कुणी बंद केली असेल तर त्यांना ते कसं सांगितलंत? बाबा रोज सकाळी खाली जाऊन स्कूटर पुसतात.