हीलियमच्या थेंबांत चांदीचे क्लस्टर तीन अणूंवरच का थांबतात?

प्रश्न:
हीलियमचे अतिथंड थेंब चांदीची वाफ टिपतात आणि आत अणूंचे पुंजके (क्लस्टर) जुळतात, असा प्रयोग आहे. थेंब सोडणारं नोझल ५ मायक्रॉनचं, हीलियम २० बार, नोझल १२ केल्व्हिनवर. चांदी ॲल्युमिनाच्या मुशीत ९०० अंश सेल्सिअसला, पिकअप सेल (थेंब जिथे वाफ टिपतात तो कक्ष) २ सेंमी. मास स्पेक्ट्रममध्ये (वस्तुमानांच्या आलेखात) १०८, २१६, ३२४, म्हणजे एक, दोन, तीन अणू दिसतात, पुढे काही नाही. भट्टी आणखी तापवली की सगळाच सिग्नल जातो. मूस बदलून फरक पडला नाही.

उत्तर १:
मुशीचा दोष नाही, थेंब पुरत नाहीये. १२ केल्व्हिनला थेंबात सरासरी दहा हजारांच्या आसपास हीलियम अणू. थेंब ०.३७ केल्व्हिनला टिकतो तो हीलियम उडवूनच, आणि एक अणू उडाला की जेमतेम ०.६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट उष्णता जाते. म्हणजे १ इलेक्ट्रॉनव्होल्टला सुमारे १,६०० अणू खर्ची. चांदीचे दोन अणू जुळतानाच सुमारे १.६५ इलेक्ट्रॉनव्होल्ट सुटतात, वर भट्टीतून येणारा प्रत्येक अणू सरासरी ०.१५ ते ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट गतिज ऊर्जा घेऊन येतो. चौथा अणू येईतो थेंब संपत आलेला असतो. नोझल ९ केल्व्हिनपर्यंत उतरवा, थेंब मोठे होतील. पंपांवरचा भार वाढेल, तेवढं बघा.

उत्तर २:
बरोबर, पण सोबत भट्टीही उतरवा. थेंबातले अणू शंभरपट झाले की छेदक्षेत्र एकवीसपट होतं, त्याच ९०० अंशांना पाचाऐवजी शंभर अणू आत शिरतील. ८०० पासून दहा-दहा अंशांनी चढा आणि ८ वस्तुमानाची हीलियम डायमरची (दोन अणूंच्या जोडीची) रेषा बघत राहा: ती जितकी घसरली तितकं हीलियम उडालं. निम्म्याखाली जाऊ देऊ नका.
चांदीच्या रेषांना १८च्या अंतराने शेपट्या दिसल्या तर ते पाणी. मोठे थेंब उरलीसुरली वाफही गोळा करतात, द्रव नायट्रोजनचा सापळा लावा. हीलियम ९९.९९९९ टक्केच घ्या, नाहीतर हवा नोझलमध्ये गोठून बसते.

उत्तर ३:
तुमचा क्वाड्रुपोल (वस्तुमान मोजणारा भाग) कुठवर मोजतो? पाच अणूंचा क्लस्टर ५३९ला येतो. शिवाय हीलियमच्या आयनीकरणाला २४.६ आणि चांदीच्या अणूला ७.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. मोजताना आधी हीलियम आयन होतो आणि मग तो चांदीचा इलेक्ट्रॉन ओढतो, तेव्हा मधला फरक क्लस्टरच्या अंगावर येतो आणि तुकडे पडतात. रेषांवरून मूळ आकार ठरवू नका.

प्रश्नकर्ता:
५१०पर्यंतच. क्लस्टर जाळीवर उतरवून टीईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) पाहिले तर?

उत्तर ३:
उत्तम. पातळ कार्बनची जाळी घ्या. आदळताना हीलियमच उशीचं काम करतं. फार वेळ उतरवू नका, शेजारशेजारचे क्लस्टर एकमेकांना चिकटतात. थेंब फारच मोठे केले तर चांदी थेंबात फिरणाऱ्या हीलियमच्या भोवऱ्याच्या रेषेवर माळेसारखी बसते, २०१२ मध्ये असे माग जाळीवर दिसले आहेत. तेव्हा लांबट आकार दिसला तर लगेच खराब नमुना समजून टाकून देऊ नका.