क्रीडाविज्ञान: बिनपगारी रिसर्च इंटर्नशिप घ्यावी की अकादमीतलं काम?

कळवा_फास्ट: नमस्कार मंडळी. बीएस्सी स्पोर्ट्स सायन्सचं शेवटचं वर्ष आहे, राहायला कळव्याला. दोन ठिकाणी होकार आलाय. नेरूळला एका कॉलेजच्या लॅबमध्ये आठ आठवड्यांची रिसर्च इंटर्नशिप, पैसे नाहीत. १४ ते १७ वयाच्या फुटबॉलपटूंच्या उडीच्या चाचण्या आणि घामाचं मोजमाप. दुसरं, ठाण्यात क्रिकेट अकादमीत वॉर्म-अप आणि फिटनेस टेस्ट, महिना आठ हजार. पुढे एस अँड सी (स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग, म्हणजे ताकद-फिटनेसचा) कोच व्हायचं की एमएस्सी करून संशोधनात जायचं, ठरलेलं नाही. घरचे अर्थातच आठ हजारांच्या बाजूने आहेत. लॅबमध्ये नुसती डेटा एंट्री करून घेतात, हे कितपत खरं?

फोर्सप्लेट: डेटा एंट्री असतेच. तो डेटा तुम्ही स्वतः गोळा केलेला असेल, तर त्यातूनही शिकाल. दुसऱ्याची एक्सेल शीट भरायची असेल, तर अकादमी बरी.

काउंटरमूव्हमेंट जंपचंच बघा, म्हणजे उभ्याने झटकन खाली वाकून सरळ वर मारलेली उडी. हवेतल्या वेळेवरून उंची काढायची तर ९.८१ गुणिले वेळेचा वर्ग, भागिले ८. ०.५० सेकंदाला ३०.७ सेंमी येतात, ०.५२ ला ३३.२. पोराने उतरताना गुडघे दुमडले, पाय जरा उशिरा टेकले, की अडीच सेंमी फुकटात. मोबाईलवर ३० फ्रेम्सने शूटिंग केलं, तर एका फ्रेमच्या चुकीला सुमारे ४ सेंमी. २४० फ्रेम्सला अर्धा सेंमी. १००० हर्ट्झची फोर्स प्लेट (पायांचा जोर सेकंदाला हजार वेळा मोजणारी पाटी) असली म्हणून सुटका नाही. उडीआधी किमान एक सेकंद अजिबात न हलता उभं राहावं लागतं, कारण प्लेट वजन तेव्हाच घेते. तेव्हा खेळाडू डुलला की वजन चुकलं, आणि इंपल्सवरून (जोर गुणिले वेळ) काढलेली उंचीही चुकली. हात कमरेवर, सुटले तर उडी बाद.

पहिल्या पंधरवड्यात एक काम मागून घ्या. पंधरा-वीस जणांची हीच चाचणी दोन वेगळ्या दिवशी, पण त्याच वेळी, तेच बूट घालून. प्रत्येकाच्या दोन आकड्यांमधला फरक काढायचा, त्या फरकांचं प्रमाण विचलन घ्यायचं आणि त्याला १.४१ ने भागायचं. ही तुमच्या चाचणीची टिपिकल एरर. ती १.५ सेंमी निघाली, तर एखाद्या पोराची १ सेंमी 'प्रगती' कोचला सांगायची नाही. कोचकडे जाऊन 'हा बदल खरा, त्या दुसऱ्याबद्दल अजून बोलता येणार नाही' असं आकड्यानिशी सांगता येणं, हे कुठल्याही संघात चालतं. अकादम्यांत टेस्ट सगळेच घेतात, एरर फार थोडे काढतात.

घामाघूम_घणसोली: घामाचं मोजमाप सोपं वाटतं, तिथेच जास्त घोळ होतात. सराव सुरू व्हायच्या आधी वजन, संपल्यावर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत पुन्हा वजन. काटा ५० ग्रॅम दाखवणारा तरी हवा. समजा आधी ६२.४ किलो, नंतर ६१.३, मधे ५०० मिली पाणी प्यायला, लघवीला गेला नाही, सराव एक तास. घाम ताशी १.६ लिटर. आता तेच ५०० मिली त्याने डोक्यावर ओतून घेतलं असेल, तर खरा आकडा १.१. आपल्याकडच्या मे महिन्यात पोरं पाणी ओतून घेणारच, त्यांना ओरडून उपयोग नाही. प्यायची बाटली वेगळी, नाव लिहिलेली, आधी-नंतर वजन केलेली. ओतायला वेगळी बादली. भिजलेल्या जर्सीसकट काट्यावर उभं केलं, तर निथळणारा घाम शरीरातच धरला जातो आणि आकडा कमी येतो.

सगळ्यात आधी विचारायचं ते वेगळंच: एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आहे का? खेळाडू अठराच्या आतले आहेत. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती लागते, शिवाय या वयाच्या मुलाची स्वतःची लेखी मान्यताही. मोजमाप सुरू झाल्यावर मागून मंजुरी घेता येत नाही. कमिटीची बैठक लांबली, तर आठ आठवडे तुम्ही एसीत बसून जुने पेपर वाचाल.

मैदानवाला: अकादमीला इतकं हलक्यात घेऊ नका राव. पहाटे सहाला पंचवीस पोरं, दोन नेट आणि एक शिट्टी, हे लॅबमध्ये शिकवत नाहीत. सीएससीएसच्या, म्हणजे एस अँड सी कोचच्या अमेरिकन प्रमाणपत्राच्या, परीक्षेला पदवी आणि सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडल्यावरच्या प्रथमोपचाराचं) प्रमाणपत्र लागतं, रिसर्च पेपर नाही. शिवाय संशोधनाची सवय मैदानातही लागते. सेशन आरपीई (खेळाडूला सराव किती जड वाटला त्याचा आकडा) घ्या: सराव संपल्यावर अर्ध्या तासाने 'किती जड गेलं?' ० ते १० मध्ये, गुणिले मिनिटं. ९० मिनिटं, उत्तर ६, लोड ५४०. फक्त एकेकाला बाजूला घेऊन विचारा. घोळक्यात विचारलंत तर कॅप्टन ५ म्हणतो आणि मागून सगळे ५.

कळवा_फास्ट: सगळ्यांचे आभार. फोन करून विचारलं, मंजुरी आलेली आहे. खेळाडू १२ आहेत आणि सहा आठवड्यांच्या प्लायोमेट्रिकचा (उड्यांच्या व्यायामाचा) परिणाम बघायचाय म्हणाले. पेपरवर माझं नाव येईल का?

फोर्सप्लेट: नुसतं मोजमाप केल्याने लेखक होत नाही, आभारात नाव येतं. आयसीएमजेईच्या (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समिती) निकषांत लेखनातला किंवा मजकूर तपासण्यातला वाटाही लागतो. म्हणून 'मेथड्सचा पहिला मसुदा मी लिहितो' हे पहिल्याच आठवड्यात बोलून ठेवा.

आणि १२ जण! आधी-नंतरच्या तुलनेत मध्यम परिणाम, म्हणजे फरकांच्या प्रमाण विचलनाच्या ०.५ पट, ८० टक्के पॉवरने (परिणाम खरा असेल तर तो सापडायची शक्यता) पकडायला ३४ जण लागतात. त्यात कंट्रोल गट नसेल, तर या वयाची पोरं नुसती वाढल्यानेही उंच उडतात. तुमच्या गाइडला हे ठाऊक असेलच, पण विचारून बघा. उत्तर कसं देतात त्यावरून लॅब कळेल. त्या १२ जणांवर चाचणीच्या एररचा छोटा अभ्यास जास्त प्रामाणिक होईल.

मी असतो तर नेरूळ घेतलं असतं, अट एकच: रोजचं मोजमाप तुमच्या हातात. प्लेट आणि कोडमध्ये रमलात तर बायोमेकॅनिक्स किंवा परफॉर्मन्स अॅनालिसिस. घाम-वजनात रमलात तर फिजिऑलॉजी, पोषण. आणि रोज लॅबचं दार बंद करून मैदानावर पळावंसं वाटलं, तर एमएस्सीची दोन वर्षं वाचली.

घामाघूम_घणसोली: आठव्या आठवड्यात खेळाडूंची नावं असलेली फाइल पेनड्राइव्हवर घालून घरी नेऊ नका, ती लॅबची आहे. स्वतःबरोबर न्यायचा तो प्रोटोकॉल आणि आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधला तुमचा कोड, तोही विचारून. शिफारसपत्राचं तेव्हाच सांगून ठेवा. सहा महिन्यांनी सर तुमचा चेहरा विसरलेले असतात.