मदत हवी आहे: एडीसीने (अँटिबॉडीला जोडलेल्या औषधाने) कंट्रोल पेशीही मरतायत!

चौथ्या_वर्षात:
तिसऱ्यांदा तोच प्रकार. ट्रास्टुझुमॅबला (हर2 प्रोटीनला चिकटणारी अँटिबॉडी) पेलोड, म्हणजे पेशी मारणारं औषध, जोडलाय. भरपूर हर2 असलेल्या एसके-बीआर-3 कॅन्सर पेशी मरतात, छान. पण कंट्रोलच्या एमडीए-एमबी-468 पण मरतात, आणि त्यांच्यावर हर2 जवळजवळ नाहीच! सोमवारी गाईडना प्लॉट दाखवायचाय. जाणकारांनी लवकर सांगा.

गणेशखिंडकर:
पेलोड कुठला? लिंकर (जोडणारा दुवा)? डोस? धागा काढताना एवढं तरी लिहीत जा.

सेल_कल्चरवाला:
मायकोप्लाझ्मा, कल्चरमध्ये शिरणारे जंतू. डोळे मिटून सांगतो. आमचे सहा महिने त्यात गेले. शेजारच्या लॅबमधून उसन्या आणल्या असतील तर फेका, एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या) रिपॉझिटरीतून नव्या मागवा.

चौथ्या_वर्षात:
मायकोप्लाझ्मा निगेटिव्ह आहे हो. पेलोड एमएमएई, व्हॅल-सिट लिंकर, डीएआर 4 (दर अँटिबॉडीला सरासरी चार औषधाचे रेणू). बाकी नेहमीचंच.

औंधकर:
व्हॅल-सिट सीरममध्ये तुटतो. लिंकर बदला.

गणेशखिंडकर:
तो उंदराच्या प्लाझ्मात तुटतो, तिथल्या कार्बॉक्सिलएस्टरेझमुळे. माणसाच्या प्लाझ्मात बराच टिकतो. यांच्या प्लेटमध्ये उंदीर कुठून शिरला? (ह.घ्या.)

औंधकर:
मी वीस वर्षं हेच करतोय. असो.

सेल_कल्चरवाला:
मग बायस्टँडर इफेक्ट. एमएमएई पेशीतून बाहेर पडून शेजारणीलाही मारतं.

बावधनची_बाई:
दोन्ही पेशी प्लेटच्या वेगवेगळ्या वेलमध्ये (खळग्यांत) असतील तर शेजारीण कोण?
धागाकर्तीला: "नेहमीचंच" म्हणजे काय? किती नॅनोमोलर, किती तास, आणि जोडणीनंतर मोकळं औषध कसं काढलं?

निवृत्त_केमिस्ट:
आपल्या घाटातल्या नरक्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे पेशी मारणारं द्रव्य असतं. ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅन या एडीसीतलं औषध त्याच कुळातलं. परदेशी पेलोड कशाला हवेत?

गणेशखिंडकर:
काका, त्या चोरट्या तोडीने नरक्या आधीच संपत आलाय. आणि इथे प्रश्न ऑरिस्टॅटिनचा (एमएमएईच्या कुळाचा) आहे, त्याचं मूळ समुद्री गोगलगाईतलं डोलास्टॅटिन 10.

चौथ्या_वर्षात:
वेल वेगळ्याच आहेत. सगळ्यात वरचा डोस 100 नॅनोमोलर, 72 तास. डिसॉल्टिंग कॉलममधून (लहान रेणू वेगळे करणाऱ्या) एकदा काढलंय, प्रोटोकॉलमध्ये तसंच होतं.

बावधनची_बाई:
एकदाच? आता हिशेब करा. 100 नॅनोमोलर एडीसी, डीएआर 4, म्हणजे 400 नॅनोमोलर औषध. त्याच्या 1 टक्का जरी मोकळं राहिलं तरी 4 नॅनोमोलर. एवढ्यात बऱ्याच पेशींचं ट्युब्युलिन (विभाजनाला लागणारं प्रोटीन) आटोपतं. शिवाय हे औषध पाण्यात रमत नाही, अँटिबॉडीला चिकटून कॉलममधून सोबत उतरतं. थोडा नमुना घ्या, मिथेनॉलने प्रोटीन खाली बसवा आणि वरचं पाणी एचपीएलसीवर (रेणू वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर) बघा. आणि हर2 न ओळखणाऱ्या आयजीजी अँटिबॉडीला हाच पेलोड जोडून कंट्रोल ठेवलाय का?

चौथ्या_वर्षात:
नुसती ट्रास्टुझुमॅब ठेवलीय. आयजीजी नाही...

बावधनची_बाई:
मग 468 कशाने मेल्या हे कुणीच सांगू शकणार नाही. आणि टिप्स नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका, सायटोटॉक्सिक लेबल लावून पिवळ्या पिशवीत.

कोथरूड_एक्स्प्रेस:
अवांतर: मावशीला कॅन्सरसाठी ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन चालू आहे, बोटांना मुंग्या येतात. हे तेच एमएमएई का?

गणेशखिंडकर:
हो, तेच. नसांवरचा हा दुष्परिणाम माहितीतला आहे. पुढच्या डोसआधीच ऑन्कॉलॉजिस्टना सांगा, कधीकधी डोस कमी करतात किंवा थांबवतात.

चौथ्या_वर्षात:
एचपीएलसी झाली. मोकळ्या औषधाचा पीक ढळढळीत दिसतोय. परत साफ करते. गाईडना आता प्लॉटऐवजी हा पीकच दाखवावा लागणार.

सेल_कल्चरवाला:
तरी मायकोप्लाझ्मा एकदा बघाच.