दरमहाचा गोषवारा आणि त्याचा ताळा : एआय सहायकाकडून स्प्रेडशीटचे अहवाल करून घेतल्याचे अनुभव

लेखापाल, चाकण

दर महिन्याच्या ३ तारखेला तोच अहवाल त्याच रकान्यांत भरून वर पाठवण्याचे काम मी ९ वर्षे करत आहे. तीन गोदामांकडून तीन निरनिराळ्या मांडणीच्या शीट येतात. त्यांचे एकत्रीकरण करायचे, शिल्लक मालाचा गोषवारा काढायचा आणि मागील महिन्याशी तुलना करून तो व्यवस्थापकांना द्यायचा, यात पूर्वी दोन दिवस जात. आता पाऊण तास लागतो. हा बदल एआय सहायकामुळे झाला, परंतु पहिले दोन महिने मी त्याचा उपयोग चुकीच्या रीतीने केला. तीच चूक इतरांकडूनही होत असेल असे वाटल्यामुळे हे अनुभव मागवत आहे.

मी संपूर्ण शीट चॅटच्या चौकटीत चिकटवून ‘बेरीज करून गोषवारा दे’ असे सांगत असे. उत्तर नीटनेटके येई, आकडेही पटण्याजोगे असत, आणि तरीही दुसऱ्या महिन्यात एका गोदामाची बेरीज त्यांच्या नोंदवहीपेक्षा काही हजारांनी कमी भरली. हे सहायक मुळात पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधून लिहितात. शेकडो ओळींची बेरीज ते गणनयंत्राप्रमाणे बिनचूक करतील, अशी खात्री त्यातून मिळत नाही. तेव्हापासून मी त्याला बेरीज सांगत नाही. रकान्यांची नावे आणि स्वतः रचलेल्या पाच खोट्या ओळी देते, आणि पॉवर क्वेरीत (एक्सेलमधील, अनेक फाइल जोडून त्यांची मांडणी करण्याची सोय) कोणत्या पायऱ्या घ्याव्यात ते लिहून घेते. बेरीज एक्सेल करते, पायऱ्या कायम राहतात, आणि पुढच्या महिन्यात नव्या फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवून ‘रिफ्रेश’ केले की पुरते.

प्रत्येकाने आपला अहवाल कोणता, सहायकाकडे नेमके काय मागितले, फसगत कुठे झाली आणि आलेल्या आकड्यांचा ताळा कसा पाहता, हे लिहावे ही विनंती. ताळ्याविषयी अवश्य लिहावे, कारण अहवाल झटपट होऊ लागला की सर्वांत आधी तोच सुटतो.

सचिव, प्राथमिक दूध संस्था, कोल्हापूर जिल्हा

आमच्याकडे दर दहा दिवसांनी सभासदांचे दूध बिल निघते. संकलनाच्या यंत्रातून सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) यांची फाइल मिळते, आणि तिच्यावरून तीनशेहून अधिक सभासदांची बिले व आमचे दूध घेणाऱ्या दूध संघाला द्यायचा गोषवारा तयार करावा लागतो.

गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रतीला धरतात, आणि तिच्या वर किंवा खाली प्रत्येक पॉइंटला किती पैसे जादा अथवा वजा, हे दरपत्रकात दिलेले असते. मी सहायकाला मूळ दर आणि तीन उदाहरणे दिली, आणि त्याने त्यांवरून सरळ प्रमाणाचे सूत्र लिहिले. आमच्या दरपत्रकात मात्र ३.५ च्या खालची कपात ही वरच्या वाढीपेक्षा अधिक आहे, आणि मी दिलेल्या तीन उदाहरणांत ३.५ च्या खालचे एकही नव्हते. त्यामुळे कमी फॅटच्या दुधाला योग्यपेक्षा अधिक दर लागला. दोष सहायकाइतकाच माझ्या उदाहरणांचा होता. आता संपूर्ण दरपत्रक वेगळ्या शीटवर आहे आणि सूत्र तेथून दर उचलते. तेथेही व्हीलूकअप या तक्त्यातून मूल्य शोधणाऱ्या सूत्राचा शेवटचा घटक लिहिलाच नाही तर ते अचूक जुळणीऐवजी जवळची जुळणी घेते, हे ध्यानात ठेवावे लागते.

खरा धडा कपातींच्या वेळी मिळाला. पशुखाद्य आणि आगाऊ उचल यांची कपात बिलातून होते. एका सभासदाची म्हैस आटल्यामुळे त्याचे दूध अगदी कमी झाले होते, आणि सहायकाने लिहिलेल्या सूत्राने त्याचे बिल उणे काढले. आमचे कारकून २६ वर्षे हे काम पाहतात. अशा वेळी घरखर्चापुरती रक्कम सभासदाच्या हाती ठेवून उरलेली कपात पुढच्या बिलात ओढायची, हा नियम कोणत्याही ठरावात नव्हता. तो त्यांच्या सवयीत होता. मग आम्ही दोघांनी तीन दुपारी बसून त्यांच्या डोक्यातले असे सर्व नियम कागदावर उतरवले, ते १७ निघाले, आणि तो कागद संचालक मंडळापुढे ठेवून मंजूर करून घेतला. सहायकाने लिहिलेल्या सूत्रांपेक्षाही संस्थेला त्या कागदाचा उपयोग अधिक झाला, असे माझे मत आहे.

ताळा असा : सभासदांकडून घेतलेले एकूण लिटर हे संघाला पाठवलेले, स्थानिक विक्री आणि घट यांच्या बेरजेइतके भरले पाहिजेत. त्याशिवाय दर बिलाला दहा सभासदांचा हिशेब कारकून हाताने करतात, आणि त्यांपैकी निम्मे मुद्दाम अडचणीचे निवडतात. बँकेत रक्कम जमा करण्याच्या यादीत आणखी एक धोका असतो. एक्सेल १५ अंकांपर्यंतच संख्या अचूक ठेवते. त्याहून मोठा खातेक्रमांक संख्या म्हणून भरला की पुढचे अंक शून्य होतात. तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवावा.

केंद्रप्रमुख, मराठवाडा

माझ्या केंद्रातील १३ शाळांची शालेय पोषण आहाराची मासिक माहिती विहित प्रपत्रात एकत्र करून द्यावी लागते. शाळांकडून येणाऱ्या शीटमध्ये एकवाक्यता नसते, आणि त्यासाठी मी शिक्षकांना दोष देणार नाही, कारण त्यांच्या हाती जो संगणक आणि जो फॉन्ट आहे त्यातच ते काम करतात. दोन शाळांची नावे जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली होती. डोळ्यांना ती मराठी दिसतात, परंतु फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे साठवलेली असतात, त्यामुळे सहायकाने लिहिलेल्या संहितेला (प्रोग्रॅमला) त्या शाळा सापडल्याच नाहीत.

त्याहून घातक प्रकार अंकांचा होता. एका शाळेने उपस्थिती देवनागरी अंकांत भरली होती, आणि आमच्या शीटमध्ये ते अंक मजकूर म्हणून नोंदले गेले. बेरजेचे सूत्र मजकुराची घरे मुकाट्याने वगळते. त्रुटीचा संदेश येत नाही, फक्त बेरीज कमी भरते. ही चूक तांदळाच्या हिशेबामुळे उघड झाली. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ, या प्रमाणाने उपस्थितीवरून निघणारा वापर आणि साठावहीतील वापर यांत मोठे अंतर दिसले. आता प्रत्येक शाळेसाठी हा ताळा आपोआप निघतो, आणि ज्या शाळेचा तो जुळत नाही तिथे मी स्वतः दूरध्वनी करते.

मुलांची नावे किंवा आधार क्रमांक मी सहायकाला कधीही देत नाही. मुलांची माहिती आपल्याकडे विश्वासाने दिलेली असते, आणि २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यानेही मुलांच्या माहितीला विशेष संरक्षण दिले आहे.

करसल्लागार, नाशिक

ताई, तुमच्या ‘पाच खोट्या ओळीं’च्या सूचनेत एक भर घालतो. त्या ओळी जितक्या अव्यवस्थित तितक्या बऱ्या. एक रिकामी, एक दुबार, एक उणे रकमेची क्रेडिट नोट, आणि एकात नावामागे नकळत राहिलेली मोकळी जागा असू द्यावी. सहायकाला स्वच्छ नमुना दिला तर तो स्वच्छ जगासाठीच सूत्र लिहितो.

माझे आवर्ती काम जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारे पत्रक) आणि ग्राहकाची खरेदी नोंदवही यांच्या मेळाचे आहे. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी २बी साधारणपणे १४ तारखेला तयार होते आणि ३बी, म्हणजे कर भरण्याचे मासिक विवरणपत्र, २० तारखेपर्यंत भरायचे असते, म्हणजे हाती जेमतेम सहा दिवस. बिल क्रमांक एकीकडे ‘००७/२४-२५’ आणि दुसरीकडे ‘७’ असा असतो. सहायकाने अंदाजे जुळणीची पद्धत सुचवली, तिने दोन वेगळी बिले एक मानली, म्हणून ती मी काढून टाकली. आता पुरवठादाराचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक, करपात्र रक्कम आणि कर हे तिन्ही जुळले तरच जोडी लागते. उरलेली यादी माणूस पाहतो.

आरोग्य क्षेत्रातील विदा (डेटा) विश्लेषक, इंग्लंड

आमच्या क्षेत्रात ऑक्टोबर २०२० ची घटना कोणी विसरलेले नाही. जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. प्रयोगशाळांचे कोविड चाचण्यांचे निकाल अशा फाइलमधून पुढे जात असताना मर्यादेबाहेरच्या ओळी गळाल्या, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधित दैनंदिन आकड्यांतून सुटले. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही त्यामुळे लांबला. तेव्हा एआय सहायक नव्हते. आपोआप चालणारी, परंतु ओळी न मोजणारी पद्धत होती.

म्हणून माझ्या प्रत्येक अहवालाच्या माथ्यावर तीन आकडे असतात : किती ओळी आल्या, किती घेतल्या, किती नाकारल्या. मेळ बसला नाही तर अहवाल निघतच नाही. सहायकांनी लिहिलेल्या पायथन संहितेत मला एक खोड वारंवार दिसते : एखादी ओळ वाचता आली नाही तर तिला वगळून पुढे जाण्याची सोय ते न सांगताच करून ठेवतात. काम अडू नये हा त्यामागचा हेतू असेल, पण अहवालाच्या कामात अडणेच हिताचे असते. ‘चूक आली तर थांब आणि ओळीचा क्रमांक सांग’ हे वाक्य मी प्रत्येक मागणीत लिहिते.

खजिनदार, सहकारी गृहनिर्माण संस्था, ठाणे

बँकेतून निवृत्त झाल्यावर संस्थेचा हिशेब माझ्याकडे आला. थकबाकीची मासिक यादी आणि स्मरणपत्रे गूगल शीटमधील अ‍ॅप्स स्क्रिप्टने (शीटची कामे आपोआप करणाऱ्या संहितेने) निघावीत असे ठरवले. संहिता सहायकाकडून लिहून घेतली. उपविधींनुसार थकबाकीवर ठरलेल्या मर्यादेपर्यंत सरळ व्याजच लावता येते. सहायकाने मागील थकबाकीची जी रक्कम धरली तिच्यात आधीचे व्याजही मिळवलेले होते, म्हणजे नकळत व्याजावर व्याज चढत होते. एका सदनिकेच्या दोन वर्षांच्या खात्याचा हिशेब मी कागदावर केला तेव्हा ते दिसले. आता मुद्दल आणि व्याज यांचे रकाने स्वतंत्र आहेत, आणि स्मरणपत्रे थेट जात नाहीत. मसुदे तयार होतात, मी ते वाचतो आणि मगच पाठवतो.

पाणलोट कार्यकर्ती, अहिल्यानगर जिल्हा

आम्ही ४० विहिरींची पाणीपातळी दर पंधरवड्याला मोजतो आणि गावांना मासिक तक्ता देतो. तक्ता आपोआप होऊ लागल्यावर पहिल्याच वर्षी एका गावात मे महिन्यात विहिरी भरलेल्या दिसल्या. शीटची प्रादेशिक मांडणी (तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ते ठरवणारी) अमेरिकेची असल्यामुळे ०५/०९ ही नोंद ५ सप्टेंबरऐवजी ९ मे अशी वाचली गेली होती. तारखेतला दिवस १२ पेक्षा मोठा असलेल्या नोंदी मजकूर म्हणून तशाच राहिल्या आणि तक्त्यातून सुटल्या, त्यामुळे चूक अर्धीच दिसली. मांडणी भारताची केली, तारखा २०२४-०९-०५ अशा क्रमाने लिहायला सुरुवात केली, आणि तो प्रश्न मिटला.

दुसरा प्रश्न मिटलेला नाही. हाताने तक्ता करत असताना माझी नजर प्रत्येक विहिरीवरून जात असे. एखाद्या विहिरीची पातळी तीन वेळा तीच आली की मी थबके आणि मोजणाऱ्याला विचारत असे. तक्ता आपोआप होऊ लागल्यावर एका विहिरीचा आकडा पाच महिने हलला नाही, आणि ते आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. मोजण्याचा दोर तुटल्यामुळे आमचा कार्यकर्ता मागील आकडाच लिहीत होता. आता न हलणाऱ्या आकड्यांना रंग देण्याचे सूत्र सहायकाकडून लिहून घेतले आहे. तरीही दर महिन्याला मी पाच विहिरी निवडते, त्यांचे आकडे वहीत हाताने लिहिते, आणि त्यांपैकी एका विहिरीवर स्वतः टेप घेऊन जाते.